कलशेट्टी गुरुजींचा समास

माझ्या टेबलाच्या वरच्या खणात तीन वस्तू कायम असायच्या. ग्रंथालयाचा लंबगोल शिक्का, खळीची वाटी आणि खोडरबर. पहिल्या दोन वस्तू कुठल्याही ग्रंथपालाकडे सापडतील. तिसरीवरून मात्र मला नाव पडलं. आमच्या अध्यापक विद्यालयातली मुलंमुली मला 'खोडरबर सर' म्हणायची. पाठीमागे म्हणायची, पण दोन हातांवरून, त्यामुळे ऐकू यायचंच. मला राग येत नसे. खरं सांगायचं तर मनातून बरंच वाटे.

ही टापटीप मला घरातून मिळालेली. वडिलांचं सोलापुरात नवी पेठेत कापडाचं दुकान होतं. घडी विस्कटलेलं ठाण त्यांना रात्रभर झोपू देत नसे. मी दुकानात बसलो नाही, याचं दुःख त्यांना शेवटपर्यंत होतं. पण ते एकदा ग्रंथालयात आले, कपाटांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "घड्या बऱ्या ठेवल्यास." त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी कधी ऐकली नाही.

प्राथमिक शिक्षक तयार करणाऱ्या विद्यालयाचा ग्रंथपाल काय करतो, हे लोकांना सांगावं लागतं. नवं पुस्तक आलं की त्याला दाखल नंबर द्यायचा. पहिल्या पानावर शिक्का मारायचा आणि आतल्या एका ठरलेल्या पानावरही मारायचा. त्याला गुप्त पान म्हणतात. आमचं गुप्त पान एकोणतिसावं होतं. चोरानं पहिलं पान फाडलं तरी एकोणतिसावं ओरडून सांगणार की मी कुणाचं आहे. मग शेवटी तारखेची पट्टी चिकटवायची आणि पुस्तक कपाटात. तेलाचा डाग पडला तर त्यावर खडूची पूड रात्रभर दाबून ठेवायची. हे डाग आमच्याकडे फार, कारण आमचे अर्धे वाचक पिशवीत भाकरी आणि शेंगाचटणीशेजारी पुस्तक ठेवून यष्टीनं यायचे.

हे वाचक म्हणजे विद्यालयातून शिकून बाहेर पडलेले, खेडोपाडी नोकरी करणारे शिक्षक. नियमानं पुस्तकं फक्त चालू विद्यार्थ्यांसाठी होती. पण शनिवारी सकाळची शाळा सुटली की ही मंडळी बाजाराला सोलापुरात येत आणि जाताना माझ्याकडे डोकावत. प्राचार्यांनी एकदा तोंडी सांगितलं होतं, "देत जा, मी बघितलं नाही." तेवढ्यावर मी पंधरा वर्षं पुस्तकं दिली.

त्यांच्यामुळे मला एक गोष्ट कळली. परीक्षेपुरतं वाचणारी मुलं पुस्तकातली ठरावीक चार प्रकरणं वाचत. तीच पानं मळकी, बाकीची कोरी करकरीत. नोकरीला लागल्यावर हीच मुलं परत येत आणि ती करकरीत पानं शोधू लागत. विणकर वस्तीतल्या शाळेतले एक मास्तर दारातूनच मला म्हणाले होते, "सर, बहात्तर पोरांवर काय पुस्तक हाय का?" घरी तेलुगू बोलणारी बहात्तर मुलं, एक खोली, आणि खोलीला एकच खिडकी. मी त्यांना गणिताच्या खेळांचं पुस्तक दिलं. आठवड्यानं ते परत घेऊन आले आणि म्हणाले की चांगलंय, पण लिहिणाऱ्यानं तीसच पोरं धरलीत. आमच्याकडच्या सगळ्या पुस्तकांत वर्गात तीसच मुलं असत, सगळी मराठी बोलत आणि सगळी जेवून आलेली असत. दुष्काळ नुकताच सरला होता. जेवून येणारी मुलं किती, हे शिक्षकांनाच ठाऊक.

तर ही पुस्तकं शिक्षक घरी नेत, त्यांच्याशी भांडत आणि भांडणं समासात लिहून ठेवत. शिसपेन्सिलीनं. मी परत आलेलं पुस्तक चाळून बघे आणि त्यांच्यादेखत खोडरबर काढे. 'पुस्तकात लिहिण्यास सक्त मनाई आहे' अशी पाटी मी पेंटरकडून करून घेतली होती.

या पाटीला ज्यांनी कधी जुमानलं नाही ते कलशेट्टी गुरुजी. अक्कलकोटच्या पुढे, जिथं घराघरांत कन्नड बोलतात अशा एका गावात ते तीस वर्षं पहिलीचा वर्ग शिकवत होते. शाळा मराठी, मुलं कन्नड. धोतर, काळी टोपी, कपाळावर विभूती, खिशाला पेन्सिलीचा तुकडा. माझ्याही घरी कन्नड चाले, म्हणून ते मला 'तम्मा' म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ. भाषा शिकवण्याच्या पद्धतींवरचं निळ्या कापडी बांधणीचं एक जाड पुस्तक त्यांचं आवडतं. ते वर्षातून चारदा नेत आणि दर वेळी समास आणखी भरून आणत. अक्षर टपोरं, आणि पाटीवर लिहायची सवय असल्यानं पेन्सिल दाबून लिहिलेलं.

एकदा मी वैतागून म्हणालो, "गुरुजी, हे तुमच्या घरचं पुस्तक न्हाई."

ते टोपी काढून बाकावर बसले. "तम्मा, हे लिवणारा शाणा माणूस हाय. पण त्यो माज्या वर्गात कदी आला न्हाई. म्हणून मी त्याला हितंच कळवतोय. माज्या मागनं जे कोण ह्ये पुस्तक नेईल, त्याला बी कळंल की."

मी मान डोलावली आणि ते गेल्यावर रबर काढलं. तेव्हा चार पानं पुसून कंटाळलो, हे गुरुजींचं नशीब. की माझं, कोण जाणे.

दर मे महिन्यात पुस्तकांची पडताळणी असे. सगळी कपाटं रिकामी करायची, एकेक पुस्तक नोंदीशी ताडून बघायचं. त्या वर्षी पुण्याहून कुणी मोठे अधिकारी तपासणीला येणार अशी आवई उठली होती. मी ठरवलं की एकाही पुस्तकात पेन्सिलीची रेघ दिसता कामा नये. माझा शिपाई गफूरभाई आणि मी दहा दिवस पुसत बसलो. पुसायचीही एक रीत असते. डाव्या हातानं पान शिवणीजवळ दाबून धरायचं, रबर आतून बाहेर एकाच दिशेनं फिरवायचं, कीस फुंकरीनं उडवायचा. उलटसुलट घासलं की पान सुरकुततं. शेकडो पुस्तकं आम्ही अशी कोरी केली.

निळं पुस्तक गफूरभाईंच्या हाती आलं तेव्हा ते थांबले. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं, पण ते म्हणाले, "साब, बुड्ढे ने इत्ता लिख्या है. इसे रहने देते क्या?"

मी ते त्यांच्या हातातून घेतलं आणि स्वतः पुसलं. दीड दिवस लागला. शेवटच्या प्रकरणात अक्षर इतकं दाबलेलं होतं की मला जोर लावावा लागला आणि एका जागी पान विरलं. अधिकारी काही आलेच नाहीत. जूनमध्ये शाळा उघडल्या आणि चारच दिवसांत कळलं की कलशेट्टी गुरुजी गेले. वर्गात हजेरी घेता घेता छातीत कळ आली म्हणे. मला वाईट वाटलं, जेवढं ओळखीच्या माणसाचं वाटतं तेवढं.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी कमल आली. आमच्याच विद्यालयातून दोन वर्षांपूर्वी पहिल्या वर्गात बाहेर पडलेली, मोडनिंबची. वर्गात सतत बोलणारी ही मुलगी पिशवी छातीशी धरून माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. तिची पहिलीच नेमणूक झाली होती, ती कलशेट्टी गुरुजींच्या जागेवर.

"पोरं बोलतच न्हाईत, सर," ती म्हणाली. "मी मराठीत विचारते, ती खाली बघत्यात. मला त्यांचा एक शबुद येत न्हाई. दोन महिनं झालं, पन्नास पोरांत मी एकटीच बोलतीया."

नागव्वा नावाच्या एका मुलीबद्दल ती बराच वेळ सांगत राहिली. ही मुलगी रोज सगळ्यांच्या आधी येऊन दाराशी बसे, कमलकडे एकटक बघे आणि तोंडातून चकार शब्द काढत नसे. गावात लोक म्हणत की गुरुजी होते तेव्हा पहिलीचा वर्ग चावडीपर्यंत ऐकू यायचा. कमलच्या वडिलांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. जमलं नाही तर घरी ये, एक स्थळ बघून ठेवलंय. राजीनाम्याचा कागद तिनं लिहूनही ठेवला होता. तो पिशवीत पुस्तकांच्या खाली होता आणि तिनं तो मला दाखवलाही.

मी तिला म्हणालो, "बस. तुझ्या वर्गावरचं पुस्तक आहे माझ्याकडे." फार अभिमानानं म्हणालो. ग्रंथपालाच्या आयुष्यात असा क्षण क्वचित येतो की समोर नेमकं दुखणं आहे आणि कपाटात नेमकं औषध. गुरुजींनी तीस वर्षं त्याच खोलीत, त्याच मुलांच्या आईबापांना कसं बोलतं केलं, ते सगळं त्या निळ्या पुस्तकात होतं. मी उठून कपाट उघडलं, पुस्तक काढलं, तिच्यासमोर उघडलं आणि समासाकडे बोट दाखवलं.

समास पांढरा होता.

मी दुसरं पान उलटलं, तिसरं उलटलं, आणि तेव्हा कुठं मला मे महिन्यातलं पुसणं आठवलं. कमल माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं मी चुकीचं पुस्तक काढलं. मला सांगावं लागलं की इथं गुरुजींनी लिहिलेलं होतं आणि ते मी पुसलं. तिनं राजीनाम्याचा कागद घडी घालून परत पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी यष्टीनं गुरुजींच्या गावी गेलो. वाटलं, घरी एखादी वही असेल, पाठांची टाचणं असतील. गुरुजींच्या पत्नीनं मला ओसरीवर बसवलं, ताक दिलं. मी कन्नडमध्ये वहीचं विचारलं. त्या थोडं हसल्या आणि म्हणाल्या, "एल्ला निम्म पुस्तकदाग बरीतिद्रु." सगळं तुमच्याच पुस्तकात लिहीत होते. मग कारणही सांगितलं. घराचं माळवद गळतं, उंदीर कागद ठेवत नाहीत. गुरुजी म्हणायचे, सोलापुरात सरकारी कपाट आहे आणि तिथं आपला तम्मा आहे, तिथं लिहिलेलं राहील.

ताकाचा पेला हातात तसाच राहिला. मी त्या माउलीला खरं सांगितलं नाही. त्यांच्यापासून ते लपवलं, हे मी आजवर कुणापाशी कबूल केलेलं नव्हतं, आज करतो.

परत येताना यष्टीत एक गोष्ट सुचली. गुरुजी दाबून लिहीत. रबरानं शिसं जातं, पण पेन्सिलीच्या दाबानं कागदात पडलेली खोल रेघ सगळी जात नाही. सोमवारी मी पश्चिमेच्या खिडकीशी टेबल ओढलं आणि चारच्या तिरप्या उन्हात पान आडवं धरलं. कुठं कुठं अक्षरांची सावली दिसली. जिथं दिसली नाही तिथं मऊ पेन्सिल आडवी धरून पानावर अगदी हलकी फिरवली. काळ्यातून पांढऱ्या रेघा वर आल्या. ज्या हातानं पुसलं होतं त्याच हातानं मी आता समास काळे करत होतो. गफूरभाई चहा घेऊन आले, बघत उभे राहिले आणि खिडकीचं दुसरं दार उघडून गेले. रोज तासभर ऊन मिळे. कमल दोन शनिवार येऊन शेजारी बसली आणि मी वाचत गेलो ते उतरवून घेत गेली.

चित्र दाखवून मुलांना वस्तूचं नाव विचारावं, असं पुस्तकात होतं. गुरुजींनी शेजारी लिहिलं होतं, 'मुले कन्नडमध्ये सांगतील. चूक म्हणू नये. त्यांचा शब्द आधी, आपला नंतर. दोन्ही फळ्यावर घ्यावेत.' आणखी पुढे, 'पहिले पंधरा दिवस मुलांनी मास्तरांना शिकवावे. मास्तर चुकला की मुले हसतात. हसली की बोलतात.' आणि एके ठिकाणी, 'जे मूल गप्प असते त्याच्या घरी जावे. पाणी मागावे. त्यांच्या भाषेत मागावे.'

एवढं मिळालं. बाकी पुष्कळ गेलं. शेवटच्या प्रकरणात, जिथं पान विरलं होतं तिथं, निम्मी ओळ उठली. 'इतके करूनही जे मूल बोलणार नाही, त्याच्यासाठी'. पुढे रबरानं झिजलेला, पलीकडचं दिसेल इतका पातळ कागद. पुढे तीन-चार ओळी असाव्यात. कमलनं मला विचारलं, "पुसताना तुमी वाचलं असंल की, सर. काय होतं?"

मी डोळे मिटून पुष्कळ आठवून बघितलं. पुसताना मी अक्षरं बघत होतो, वाचत नव्हतो.

त्यानंतर ती निळं पुस्तक घेऊन गेली ती वर्ष संपेपर्यंत. मधे तिची कार्डं यायची. पहिल्या कार्डात होतं की तिनं मुलांना पाण्याचा तांब्या दाखवून विचारलं, मुलं कुजबुजली 'नीरु', आणि ती मुद्दाम चुकीचं म्हणाली तेव्हा मागच्या रांगेतला एकजण हसला. मग वर्गच हसला. दसऱ्याच्या सुमाराचं कार्ड नुसतं चार शब्दांचं होतं. 'वर्ग चावडीपर्यंत ऐकू येतो.' दिवाळीला ती मोडनिंबला गेली आणि वडिलांना सांगून परत आली. राजीनाम्याचा कागद तिनं मुलांना बोटी करायला दिला.

पण नागव्वाबद्दल कुठल्याच कार्डात काही नव्हतं आणि मी विचारायला भीत होतो.

एप्रिलमध्ये कमल पुस्तक परत द्यायला आली. मी सवयीनं पान उघडलं. सगळे समास भरलेले. मी काळे केलेल्या पट्ट्यांच्या वर, खाली, शेजारी तिचं बारीक अक्षर, आणि तेही निळ्या शाईनं.

"मुद्दाम शाईनं लिवलंय, सर," ती म्हणाली. "दंड घ्या पायजे तर. पण खोडता यायचं न्हाई."

मी पानं उलटत शेवटच्या प्रकरणाशी आलो. तिथंही तिनं लिहिलं होतं, कडेकडेनं, वळसा घालून. विरलेल्या कागदाची चार ओळींची जागा मात्र तिनं सोडली होती. मी विचारलं, इथं का नाही लिहिलंस?

"ती जागा गुरुजींची हाय."

मग मी नागव्वाचं विचारलं. कमलनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. गुरुजींनी लिहिलं होतं ते सगळं तिनं केलं होतं. घरी गेली, पाणी मागितलं, त्यांच्या भाषेत मागितलं. मुलीनं तांब्या भरून आणून दिला, पण बोलली नाही. पूर्ण हिवाळा रोज दाराशी येऊन बसत राहिली. संक्रांतीनंतर बापानं तिला शेळ्यांमागं लावलं. जी वर्गात तोंड उघडत नाही तिला शाळेत बसवून काय करायचं, असं तो म्हणाला.

"एवढीच एक राहिली, सर," ती म्हणाली. "पन्नासात एकच."

मी त्या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणावर, तिच्या शाईशेजारी, ग्रंथालयाचा शिक्का मारला. नियमात असा शिक्का कुठं मारावा हे लिहिलेलं नाही. मनाईची पाटी मी त्याच आठवड्यात उतरवली. खळीची वाटी काढून प्रत्येक पुस्तकाच्या मागे चार-चार कोरे कागद चिकटवायला बसलो, शिक्षकांना लिहिण्यासाठी. ते पुढं पुष्कळ भरले, त्यातले काही वाचून मी टेबलाशी बसून हसलो आणि काही वाचून उठून खिडकीशी गेलो. पण त्या मे महिन्यात आम्ही जी शेकडो पुस्तकं कोरी केली, त्यांत काय होतं ते कुणालाच माहीत नाही. बहात्तर पोरांच्या मास्तरांनीही गणिताच्या पुस्तकात काहीतरी लिहिलं होतं, एवढंच मला आठवतं.

कमल त्या गावात नऊ वर्षं राहिली. निळं पुस्तक तिच्यानंतर कितीतरी जणांनी नेलं. आता त्याची बांधणी दोनदा बदललीय आणि समासात सात-आठ जणांची अक्षरं आहेत, पण ती चार ओळींची जागा कुणी भरली नाही. निवृत्त होईपर्यंत दरवर्षी कुणीतरी नवा शिक्षक ते पान उघडून मला विचारायचाच, की सर, सगळीकडे लिहिलंय आणि इथंच का मोकळं आहे?

मी त्याला खरं ते सांगायचो. तिथं एका गप्प मुलीला बोलतं करायचा उपाय लिहिलेला होता, आणि तो मी माझ्या हातानं पुसला.